तेलात बुडालेलं खोबरेल

मामा,

तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. वर कुणीतरी सुप्रभात म्हणून टाकलेलं जास्वंदीचं फूल, खाली सातवीच्या पेपर तपासणीचं वेळापत्रक आणि मधे तुमचा फोटो. निरोप समारंभातला. शाल एका खांद्यावरून घसरलीय आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता टेबलाच्या कडेला ठेवलेल्या काचेच्या ग्लासांकडे बघताय, कुणाचा धक्का लागेल म्हणून. मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि कुकर लावला. रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला काचेच्या भांड्यांजवळ भावनाविवश झालेली माणसं आवडायची नाहीत.

मुलुंडच्या आपल्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत आपण एकोणीस वर्षं काम केलं. मी विज्ञान शिकवायचे, तुम्ही प्रयोगशाळा सांभाळायचात. मस्टरवर 'प्रयोगशाळा परिचर, बी. आर. गावकर'. बाकी सगळ्यांना गावकर मामा. तुमचं शिक्षण नववीपर्यंतचं, माझं एम.एस्सी. बी.एड. हा फरक आपल्यापैकी एकालाच सतत आठवत असायचा, आणि तो एकजण तुम्ही नव्हतात.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. घनता शिकवायची होती. घरातलेच द्रव घेऊन एका उंच मोजपात्रात त्यांचे थर लावून दाखवायचे: तळाला साखरेचा घट्ट पाक, त्यावर भांडी घासायचं लिक्विड, त्यावर रंगवलेलं पाणी, मग तेल, सगळ्यात वर स्पिरिट. पुस्तकात चित्र सोपं होतं. मी वर्गात एकामागून एक ओतत गेले आणि तयार झालं गढूळ, फेसाळ, गुलाबी काहीतरी. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, फालुदा झाला." वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी तुम्ही मला प्रयोगशाळेत बोलावलंत. टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं. एक चमचा उलटा करून तुम्ही मोजपात्राच्या आतल्या भिंतीला टेकवलात आणि त्याच्या पाठीवरून पाणी सोडलंत. धार दिसतच नव्हती. पाणी चमच्यावरून भिंतीला लागत होतं आणि भिंतीवरून खाली साबणावर जाऊन गपचूप बसत होतं.

"ओतायचं नाय बाई, सोडायचं," तुम्ही म्हणालात. "त्याला कळता कामा नये आपण काय करतोय ते."

पाच थर उभे राहिले. लाल, हिरवा, निळा, पिवळा आणि वर काहीच नसल्यासारखा स्पिरिटचा. मी विचारलं, हे कुठं शिकलात? तेव्हा तुम्ही गणपतीच्या शाळेचं सांगितलंत. शाळा म्हणजे कोकणात मूर्ती करतात तो कारखाना, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या चुलतभावाची शाळा होती गावाला. दर वर्षी चतुर्थीच्या आधी आठ दिवस रजा टाकून तुम्ही तिथं जायचात, ते फक्त डोळे काढायला. बाकी रंगकाम कुणीही करायचं. डोळे तुमचे.

"एक रेघ. श्वास सोडताना काढायची," तुम्ही म्हणालात. "ब्रश परत टेकवायचा नाय."

शाळा सुरू होऊन तीन महिने झाले नाहीत तोच ही रजा, यावरून मुख्याध्यापिका दर वर्षी कुरकुरायच्या. पण त्यांचं तुमच्यापुढे फारसं चालायचं नाही. त्यांनी एकदा प्रयोगशाळेतल्या बीकरमधून चहा घेतला होता, तेव्हा तुम्ही तो सगळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतून दिलात आणि म्हणालात, "मॅडम, ह्यात काल काय होतं ते तुम्हाला म्हाईत नाय. माका म्हाईत आसा." स्टाफरूममध्ये तो आठवडा आम्ही फार मजेत काढला.

आपलं भांडण असं एकच होतं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचे, चमचाबिमचा ठीक आहे, पण शेवटी ज्याची घनता जास्त तो खाली जाणारच. कुठल्याही क्रमाने ओता, आपोआप लागतील. तुम्ही मान हलवायचात. "सगळं आपोआप नाय होत बाई. साबण नि पाणी एकदा मिसळलं की कोणाच्या बापाला वेगळं नाय करता येणार." बरोबर होतं तुमचं. न मिसळणाऱ्या द्रवांसाठी माझं म्हणणं खरं होतं, मिसळणाऱ्यांसाठी तुमचं. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण मला ते मिटवायचं नव्हतं. दर वर्षी घनतेचा धडा आला की आपण तेच भांडायचो, आणि मला ते आवडायचं.

आता त्या जानेवारीचं सांगते.

ते वर्ष वाईट होतं. मराठी माध्यमाच्या तुकड्या बंद होत होत्या. आपल्या नववीच्या दोन तुकड्यांची एक होणार अशी कुजबुज होती, आणि तसं झालं तर विज्ञानाची एक शिक्षिका अतिरिक्त ठरणार होती. अतिरिक्त म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत, जागा असेल तिथं, असेल तेव्हा. आम्ही दोघी होतो. दुसरी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी आणि इंग्रजीतून छान बोलणारी. तपासणीला शिक्षण खात्यातले साहेब आले तेव्हा ते नेमके माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसले. मी थरांचा प्रयोग निवडला होता, कारण तुम्ही असताना तो कधी फसत नसे.

त्या सकाळी मुलुंडमध्ये चांगलीच थंडी होती. साध्या तेलाची बाटली संपलेली, म्हणून तुम्ही तुमच्या कपाटातली खोबरेल तेलाची बाटली आणलीत. ती थिजलेली. गरम पाण्यात धरून तुम्ही निम्मं तेल पातळ केलंत आणि ते पाण्याच्या थरावर सोडलंत. सुरेख बसलं. बाटलीत अजून पांढरं घट्ट खोबरेल शिल्लक होतं. ते बघून मला ऐनवेळी सुचलं. साहेब ऐकतायत हे डोक्यात होतंच. मी मुलांना विचारलं, "आता हा घट्ट तेलाचा खडा ह्या पातळ तेलात टाकला तर काय होईल? बर्फ पाण्यावर काय करतो?"

"तरंगतो," सगळे ओरडले.

"मग हाही तरंगणार. मामा, टाका."

तुम्ही चमच्याने एक खडा काढलात, हरभऱ्याएवढा, आणि तेलावर अलगद सोडलात. तो क्षणभर थांबला आणि मग हळूहळू खाली गेला. तेलाचा पूर्ण थर पार करून पाण्यावर जाऊन टेकला. पहिल्या बाकावरची श्रावणी म्हणाली, "बाई, खाली गेला."

साहेबांनी वहीतून मान वर केली.

मला उत्तर माहीत नव्हतं. 'मला माहीत नाही, आपण शोधू' हे वाक्य मी मुलांना वर्षातून दहा वेळा म्हणायला शिकवत होते. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, "मामांचा हात हलला. खडा ढकलला गेला. मामा, किती वेळा सांगायचं, हात हलवायचा नाही!"

वर्ग हसला. साहेबही थोडेसे हसले. तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि आपल्या उजव्या हाताकडे बघितलंत. तळवा वर करून, मग उलटा करून. मला वाटलं, तुम्ही मला दाखवताय, की बघा, हा हात हललेला नाही. मला राग आला. मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

त्या संध्याकाळी मी घरी स्टीलच्या वाटीत खोबरेल पातळ केलं, त्यातलं थोडं फ्रीजमध्ये थिजवलं, आणि उरलेल्यात त्याचा खडा टाकला. बुडाला. दुसरा टाकला. बुडाला. नवरा म्हणाला, "काय चाललंय? आमटीला फोडणी देणार आहेस की नाही?" मी तिसरा टाकला. मग पुस्तकं काढली. जवळजवळ सगळे पदार्थ घट्ट झाल्यावर जड होतात, म्हणजे त्यांची घनता वाढते आणि ते आपल्याच द्रवात बुडतात. पाणी अपवाद आहे. बर्फ तरंगतो हीच खरी नवलाची गोष्ट. खोबरेल शहाण्यासारखं वागलं होतं. तुम्हीसुद्धा.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तासाच्या आधी ट्रे टेबलावर ठेवलात आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलात. मी म्हटलं, "मामा, आत या ना." तुम्ही म्हणालात, "तुम्हीच करा बाई. मी हयसर हाय." म्हणजे रागावलेत, असा मी अर्थ काढला. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रुसलेल्या माणसाची माफी मागायची नसते, त्याचा रुसवा जाईपर्यंत थांबायचं असतं, असा मी सोयीचा नियम केला. मी थांबले. तुम्ही रोज ट्रे ठेवत गेलात, बाहेर उभे राहत गेलात. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. मी अतिरिक्त ठरले नाही. ती दुसरी ठरली.

पुढच्या वर्षीपासून मी तो खडा बुडवून दाखवायला लागले. मुलांना आधी चुकीचं उत्तर देऊ द्यायचं, मग बुडवायचं, मग पाण्याचा अपवाद सांगायचा. माझा सगळ्यात गाजलेला तास आहे तो. जिल्ह्याच्या प्रशिक्षणात मी तो इतर शिक्षकांना करून दाखवला. हे पहिल्यांदा कुणाच्या हातून, कुणाच्या समोर झालं, ते मी कधी सांगितलं नाही. तुम्ही दाराबाहेर असायचात. आतलं ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. व्हरांड्यात पीटीच्या शिट्ट्यांचा आवाज फार असतो.

आपण बोलायचो, नाही असं नाही. स्पिरिट संपलंय, परीक्षानळ्या मागवायच्यात, मुलीचं कॉलेज कसं चाललंय. घनतेचं भांडण मात्र बंद झालं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "कुठल्याही क्रमाने ओतलं तरी चालतं हं मामा." तुम्ही म्हणालात, "असंल बाई." मला ते फार लागलं होतं.

तुमच्या निरोप समारंभात मी दोन मिनिटं बोलले. प्रामाणिक, वक्तशीर, सेवाभावी. कुणाच्याही निरोपाला चालतील असे शब्द. मग तुम्हाला माइक दिला. तुम्ही म्हणालात, "मी इथं बाईंकडून खूप शिकलो," आणि खाली बसलात. तो टोमणा आहे असं समजून मी तीन वर्षं चालले.

गेल्या रविवारी भांडुपला तुमच्या घरी गेले. बारावं झालेलं होतं, माणसं पांगलेली होती. डोंगराच्या बाजूला रिक्षा जिथपर्यंत जाते तिथं उतरून पायऱ्या चढले. मामी होत्या आणि तुमची सुवर्णा. ती आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, हे मला माहीत नव्हतं. मामींनी चहा दिला. मी जे बोलतात ते बोलले. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मामांचा हात किती हलका होता. त्यांच्यासारखे थर आमच्या शाळेत कुणाला जमले नाहीत."

मामी म्हणाल्या, "हलको होतो. मगे बिघाडलो."

मी विचारलं, म्हणजे?

"एक दिवस शाळेतसून इले आणि म्हणाले, माझो हात हलूक लागलो. माका तर काय दिसला नाय. पण ते चायचो कप धरूनसुद्धा हाताकडेच बघत बसायचे. त्या वर्सापासून गणपतीच्या शाळेतसुद्धा गेले नाय. देवाचो डोळो वाकडो झालो तर, म्हणायचे."

सुवर्णा म्हणाली, "मी दोनदा डॉक्टरकडे नेलं ना. हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवून बघितला, नाकाला बोट लावायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काका, माझ्यापेक्षा तुमचा हात स्थिर आहे. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणतात, डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं, बाई रोज बघतात. बाई विज्ञानाच्या आहेत, त्या कशाला खोटं बोलतील?"

तिने हे माझ्यावर आरोप म्हणून सांगितलं नाही. तिला काहीच माहीत नव्हतं. ती बाबांच्या हट्टीपणाचा किस्सा सांगत होती.

म्हणजे तुम्ही रुसला नव्हतात. व्हरांड्यात उभे राहत होतात ते माझा प्रयोग तुमच्या हातून बिघडू नये म्हणून. आणि त्या दिवशी वर्गात तुम्ही हात उलटसुलट करून मला काहीच दाखवत नव्हतात. तुम्ही तो स्वतःच तपासत होतात.

मी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पण माझी सवय. मी सुरुवात केली ती पदार्थ थिजल्यावर काय होतं, रेणू जवळ कसे येतात, पाणी अपवाद का, इथून. मामींनी हात वर करून मला थांबवलं.

"बाई, तां नको. हात हललो होतो की नाय?"

"नाही."

"नाय हललो?"

"नाही हलला. माझं चुकलं होतं. मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून मी त्यांच्यावर ढकललं. आणि मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं."

सुवर्णा उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. मामी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी मोबाइल घेतला, गावाला तुमच्या चुलतभावाला लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला. "भावोजी, बाई काय सांगतत ता ऐका. सांगा बाई परत."

मी परत सांगितलं. फक्त शेवटचा भाग. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "इतकी वर्सां डोळे मी काढतंय. माका त्येच्यासारखे येणत नाय. लोक तोंडावर बोलणत नाय, पण नेताना मूर्तीकडे बघून गप होतत." आणि फोन ठेवला.

मामींनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट केलं. "आता तेंका सांगा."

मी उभी राहिले. हार ताजा होता. मी फोटोंशी बोलणारी बाई नाही, मामा, तुम्हाला माहीत आहे. मेलेल्या माणसाला ऐकू येतं असं मानत नाही आणि खोटं खोटं मानून बोलणंही मला जमत नाही. दोन वेळा तोंड उघडलं. निघालं नाही. मी त्यांना म्हटलं, "मामी, मला नाही जमणार."

त्यांनी थोडा विचार केला. मग त्या म्हणाल्या, "मगे लिवून द्या. बाईनी लिवून दिल्यानी तर तेंका पटतला."

म्हणून लिहून देते आहे.

मी, विज्ञान शिक्षिका, लिहून देते की जानेवारीतल्या त्या दिवशी नववीच्या वर्गासमोर श्री. गावकर यांनी खोबरेल तेलाचा खडा अत्यंत स्थिर हाताने सोडला. मी अगदी जवळ उभी होते आणि मी नीट बघितलं होतं. त्यांचा हात हललेला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

खाली सही करते. उद्या शाळा सुटल्यावर भांडुपला नेऊन देईन.